ब्लॅक फॉरेस्टचे सायकलमार्ग: पन्हाळा चढणाऱ्यांसाठी परखड परीक्षण

पहिल्यांदाच पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या पिशव्या, लादून ब्लॅक फॉरेस्टला निघणार असाल, तर पॅनोरामा मार्गाच्या नादी लागू नका. दक्षिणेचा गोल मार्ग धरा. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण कोल्हापुरातून जर्मनीची टूर आखणारा गडी नकाशा उघडतो, उत्तरेतल्या फोर्झहाइमपासून दक्षिणेतल्या वाल्डशूटपर्यंत जंगलाच्या माथ्यामाथ्यावरून गेलेली ती देखणी रेघ बघतो आणि तीच पक्की करून मोकळा होतो. रेघ देखणी आहेच. पण त्या रेघेवर वीस किलो सामान ओढायचं म्हणजे काय, हे फोटोत दिसत नाही.

ब्लॅक फॉरेस्ट नैर्ऋत्य जर्मनीत, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 150 किमी, सर्वांत उंच माथा फेल्डबर्ग, 1493 मीटर. महाबळेश्वरच्या जरा वर, तेव्हा उंचीमुळे काही कुणाला धाप लागत नाही. घाम निघतो तो डोंगराच्या ठेवणीमुळे. आपल्याकडे गगनबावड्याला किंवा आंब्याला सह्याद्रीची धार एकदाच लागते. पठारावरून सावकाश जायचं, धारेवर पोचायचं, घाटाने कोकणात उतरायचं, हिशेब मिटला. तिथेही पश्चिमेची बाजू ऱ्हाईनच्या मैदानाकडे अशीच तुटलेली आणि पूर्वेची बाजू हळू उतरणारी आहे; इथवर जुळतं. पण मधल्या डोंगरात किंझिग, मुर्ग, एन्झ, नागोल्ड या नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या आहेत. नदीच्या काठाने गेलात तर सुख. नदी आडवी ओलांडायची वेळ आली की दोनशे-तीनशे मीटर उतरा आणि पुलावरून पलीकडे गेल्या गेल्या तेवढंच चढा. मार्ग निवडताना किलोमीटर बघू नका, एका दिवसात किती दऱ्या आडव्या येतात ते बघा. सामानासह दिवसाला 50 ते 60 किमी आणि 800 ते 1000 मीटर चढ यापुढचं नियोजन कागदावरच राहतं.

गिअरचा हिशेब आधी, विमानाच्या तिकिटाचा नंतर. चालवणारा 75 किलो, सायकल 14, सामान 20. एकूण 109 किलो. पुढे 28 दाती, मागे 34 दाती गिअर आणि 38 मिमीचा टायर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 1.8 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे धरले तर वेग ताशी साडेसहा किमी, आणि दहा टक्के चढावर त्यासाठी सुमारे 210 वॅट लागतात. नेमाने पन्हाळा करणाऱ्याला हे घाम काढून का होईना, झेपतं. आता रोडबाइकचा पुढे 34, मागे 28 घ्या. एका फेऱ्यात 2.65 मीटर, त्याच 60 फेऱ्यांना ताशी साडेनऊ किमी, आणि मागणी 300 वॅटच्या पुढे. तेवढी ताकद अर्धा तास निघत नाही, म्हणून फेरे चाळिशीवर येतात आणि सगळा भार गुडघ्यांवर जातो. रिकाम्या रोडबाइकवर थाटात पन्हाळा चढणारे भले भले इथेच सापडतात.

उपाय स्वस्त आहे. आपल्याकडच्या तीन चेनरिंगच्या, म्हणजे पायडलपाशी तीन दातेरी चकत्या असलेल्या हायब्रिडला बहुधा पुढे 28 असतोच. मागचा 14-28 चा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरचा गठ्ठा, काढून 14-34 चा बसवा. दोन गोष्टी विसरू नका. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, 34 दात पेलणारा, लांब पिंजऱ्याचा हवा. आणि चेन दोन-चार कड्यांनी लांब घ्यावी लागते. जुनीच चेन ठेवली आणि चुकून पुढे-मागे दोन्हीकडे मोठा गिअर पडला, तर चेन ताणून डिरेलर पुढे ओढला जातो आणि तो फ्रेमला जोडणारी पट्टी, म्हणजे हँगर, वाकतो. असा हँगर परगावी जुळून मिळणं कठीण, म्हणून आपल्या फ्रेमचा एक सुटा हँगर सामानात असावाच.

सरावासाठी कुठे लांब जायला नको. कोल्हापूर ते पन्हाळा उंचीतला फरक साधारण 400 मीटर. पॅनिअरमध्ये 18 किलो भरून एकदा चढा, वाघबिळापर्यंत उतरा, पुन्हा चढा. दुसऱ्या दिवशी जोतिबा आणि पन्हाळा एकाच फेरीत. तिसऱ्या दिवशीही पाय हलले तर तुम्ही तयार आहात. बऱ्याच जणांचा एक दिवसाचा दम जबरा असतो, टूरला लागतो तो सलग तिसऱ्या दिवसाचा.

आता मार्ग. दक्षिणेचा गोल मार्ग, जर्मन नाव सूडश्वार्त्सवाल्ड-राडवेग, सुमारे 240 किमी. या मार्गाची अक्कल अशी की सगळ्यांत अवघड चढ रेल्वेने करायचा. फ्रायबुर्गहून ड्रायसाम नदीच्या काठाने किर्शत्सार्टेनपर्यंत सपाटीवर जायचं आणि तिथे सायकलसकट लोकलमध्ये चढायचं. ही होलेनटालची लाइन 1887 मध्ये सुरू झाली. चढ इतका खडा की 1933 पर्यंत इथे दातेरी रुळावर इंजिन चालत होतं. हिंटरत्सार्टेनला, जवळजवळ 885 मीटरवर, गाडी तुम्हाला आयतं आणून सोडते. यात कमीपणा मानू नका. दरीतून जाणारा बी-31 रस्ता अरुंद आहे आणि त्यावर ट्रकची अखंड रांग असते. सामान लादून ताशी सहा किमीने तिथे चढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

हिंटरत्सार्टेनहून टिटिसे तळं, मग लेंत्सकिर्श, मग बोनडॉर्फ. टिटिसेला पर्यटकांची गर्दी आणि कोकिळा-घड्याळांची दुकानं. पाणी भरून पुढे निघा. खरी मजा बोनडॉर्फच्या वाटेवर आहे. 1907 मध्ये सुरू झालेली इथली छोटी रेल्वे बंद पडली आणि तिच्या मार्गावर सायकलवाट झाली. आगगाडीला खडा चढ चालत नाही, म्हणून वळणं लांबलचक आणि चढ दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. एकच गिअर लावून गप्पा मारत जावं अशी वाट आहे. बोनडॉर्फहून ऱ्हाईनकडे उतरताना मात्र गप्पा बंद. वाल्डशूट गाव साधारण 340 मीटरवर आहे, म्हणजे पाचशे मीटरच्या आसपास उंची सोडायची.

या उताराचं गणित बघा. 110 किलो वजन 500 मीटर खाली आणताना साधारण 540 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दीड लिटर गार पाणी उकळवायला लागते तेवढी ती उष्णता आहे, आणि हवेच्या अडथळ्याने खाल्ली नाही तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. सतत हलका ब्रेक धरून उतरणाऱ्याचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात, मग लिव्हर हँडलला टेकला तरी सायकल थांबत नाही. रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटण्याचा धोका वेगळा. सरळ भागात सोडून द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडा वेळ दाबा, परत सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क गार होते. भिजलेल्या खडीवर आणि लांब उतारावर सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड जास्त टिकतात. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात पण चिखलात भराभर झिजतात. निघताना नवे बसवा आणि पुढच्या-मागच्या चाकाची एकेक जोडी बरोबर ठेवा. पॅडचे आकार ढीगभर असतात, तुमचाच आकार खेड्यातल्या दुकानात असेल याच्या भरवशावर राहू नका.

वाल्डशूटपासून बासेलपर्यंत ऱ्हाईनच्या काठाने. लाउफेनबुर्ग हे गाव नदीच्या दोन्ही तीरांवर, अर्धं जर्मनीत, अर्धं स्वित्झर्लंडमध्ये. बाड सेकिंगेनला दोनशे मीटरचा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, तो बघायला थांबाच. मधे कारखाने आणि गोदामं येतात, तेवढा भाग रुक्ष. इथली खरी गोम मोबाइलची. काठावर फोन पलीकडचं स्विस नेटवर्क पकडतो, आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्यामुळे युरोपच्या पुष्कळ रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसतं. पॅक घेताना देशांची यादी वाचा, नाहीतर या पट्ट्यात नेटवर्क हाताने निवडा. बासेलनंतर मार्क्‌ग्रेफलरलँडच्या द्राक्षमळ्यांतून म्युलहाइमवरून परत फ्रायबुर्ग. इथे लोक सैल पडतात, डोंगर संपला असं धरून चालतात. मळ्यांमधले पन्नास-शंभर मीटरचे चढ-उतार दुपारच्या उन्हात पायाचं भुस्कट पाडतात. पूर्ण फेरी चार दिवसांत निघते. पाच दिवस ठेवले तर जेवायलाही वेळ मिळतो. पाचपैकी साडेचार गुण.

किंझिग नदीचा मार्ग सोपा आहे आणि त्याबद्दल फार बोलायची गरज नाही. फ्रॉइडनश्टाटजवळून सुरू, आल्पिर्सबाख, शिल्टाख, हाउसाख, गेंगेनबाख करत ओफेनबुर्ग, सुमारे 95 किमी, सातशे मीटरवरून दीडशेवर. उतार नदीबरोबर, रेल्वे सोबतीला, पाऊस धरला तर पुढच्या स्टेशनावर चढा. शिल्टाखची लाकडी चौकटींची घरं सोडली तर डोळे दिपावेत असं काही नाही, पण घरच्या माणसांना घेऊन जायचं असेल किंवा विमानातून उतरल्यावर पाय मोकळे करायचे असतील तर याच्याइतकं योग्य दुसरं नाही. उलट दिशेने, ओफेनबुर्गहून वर, कशाला जावं हे मात्र कळत नाही.

राहिला पॅनोरामा मार्ग, सुमारे 280 किमी. याला साडेतीन. मार्गाच्या खुणा चांगल्या आहेत, गर्दी कमी आहे, आणि पन्हाळा-भुईबावडा सामानासह करणाऱ्या माणसाला हा आवडेलही. नावात पॅनोरामा असला तरी लांबच लांब पट्टे दोन्ही बाजूंना फर आणि स्प्रूसच्या भिंती असलेल्या वनरस्त्यांचे आहेत. दरीकडचं दृश्य अधूनमधून उघडतं. माथ्यावर दुकानं विरळ, रेल्वे खाली दरीत. थकून गाडी पकडायची म्हटली तरी आधी खाली उतरावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तीच उंची पुन्हा भरावी लागते. मधला मुक्काम फ्रॉइडनश्टाटला ठेवा. उंची सातशे मीटरच्या वर, जर्मनीतला सगळ्यांत मोठा बाजारचौक इथला, आणि स्टेशन असल्यामुळे इथून बेत बदलून किंझिगच्या वाटेने खाली सटकता येतं.

वनरस्ते मुरमाचे नसतात, दाबलेल्या बारीक खडीचे असतात. कोरडे असताना छान, पण लाकूडतोडीची अवजड यंत्रं गेल्यावर चाकोऱ्या पडतात आणि वर मुठीएवढे दगड टाकलेले असतात. 28 मिमी टायर इथे चालत नाही. 38 ते 42 मिमी, डांबरावर पुढे 45 आणि मागे 55 पीएसआय, खडीवर दोन्हीकडे पाच-सात पीएसआय कमी. फार कमी केलंत तर वजनामुळे ट्यूब रिमवर चेपून दोन भोकं पडतात. आपल्या बऱ्याच हायब्रिडला मोटारसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची हवा त्याला चालते, हा फायदाच. ट्यूब मागताना टायरवरचा 622 किंवा 584 हा आकडा दाखवा. जुन्या भारतीय काळ्या सायकलचा 635 चा टायर शोधत बसाल तर दिवस जाईल.

लाकूडतोड चालू असेल तर रस्त्यावर आडवी पट्टी आणि फलक लावून वाट बंद करतात. रविवारी यंत्रं बंद दिसली म्हणून पट्टीखालून घुसू नका; अर्धवट कापलेली झाडं आणि रचलेले ओंडके कधी सरकतील सांगता येत नाही, शिवाय दंड होतो. 26 डिसेंबर 1999 च्या लोथार वादळाने इथलं जंगल आडवं केलं होतं. बाडेन-बाडेन ते फ्रॉइडनश्टाट या बी-500 रस्त्यालगत पडलेली झाडं तशीच ठेवून त्यातून पायवाट केली आहे. सायकल बाहेर लावून चालत बघायची. त्या बी-500 वर मात्र शनिवार-रविवारी जाऊ नका, मोटारसायकलींचा नुसता उच्छाद. फ्रायबुर्गजवळच्या शाउइन्सलांडच्या घाटात उलट आहे: उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारसायकलींनाच बंदी असते, म्हणून बिनसामानाचा एक चढ मारायचा तर रविवार चांगला. माथा 1284 मीटर.

कायद्याची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. या राज्याच्या वन कायद्यानुसार दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर जंगलात सायकल चालवता येत नाही. मोबाइलवरची नकाशा-ॲप्स जवळचा रस्ता म्हणून बिनदिक्कत अशा पायवाटेवर घालतात, आणि मग मुळांवरून सायकल ढकलत न्यावी लागते ते वेगळंच. हिरव्या अक्षरांचे पांढरे सायकल-फलक दिसताहेत तोवर तुम्ही बरोबर आहात. गंमत म्हणजे 1817 मध्ये मानहाइमला सायकलचा पूर्वज चालवून दाखवणारा कार्ल ड्राइस हा याच बाडेनच्या वनखात्यातला अधिकारी होता. सायकलला घंटी, दोन स्वतंत्र ब्रेक, पुढे-मागे दिवे आणि रिफ्लेक्टर लागतात. लुकलुकणारा दिवा तिथे चालत नाही, स्थिर हवा. तंबू जंगलात कुठेही ठोकायला बंदी आहे. जंगलात अपघात झाला तर 112, आणि जवळच्या हिरव्या बचाव-फलकावरचा क्रमांक सांगा. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला गोचीड बघा. हा सगळा भाग गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराच्या धोक्याचा धरला जातो, लशीबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारलेलं बरं.

खाण्याचं सांगायला हवं, कारण तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला तिथलं जेवण अळणी लागणारच; चटणीची पुडी न्या आणि गप्प बसा. शाकाहारी लोकांसाठी कासश्पेट्सलं, म्हणजे घरगुती शेवयांवर चीज आणि परतलेला कांदा, पोटभरीचं आणि दिवसाच्या चढाला पुरणारं. फसवा पदार्थ म्हणजे बटाट्याचं सॅलड: या भागात ते बहुधा मांसाच्या रश्श्यात कालवतात. माउलटाशनमध्ये, म्हणजे सारण भरलेल्या पिठाच्या चौकोनी पुड्यांमध्ये, सहसा मांस असतं. मसुरीबरोबर श्पेट्सलं मागवलं तर वर सॉसेज येतं, आधीच नको म्हणा. ब्लॅक फॉरेस्ट केकमध्ये चेरीची दारू असते, न पिणाऱ्यांनी जाणून घ्यावं. वेळा कडक: दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद, रात्री साडेआठनंतर आग्रह चालत नाही, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस खाणावळच बंद. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी संध्याकाळी पाव, चीज, केळी भरून ठेवा. नळाचं पाणी बेलाशक प्या. कारंज्यावर पिण्याचं नाही असा फलक असेल तर मात्र नको.

मुक्कामासाठी जर्मन सायकल क्लबची ‘बेट उंड बाइक’ ही पाटी बघा. तिथे एका रात्रीसाठीही घेतात, सायकलला कुलूपबंद जागा आणि ओले कपडे वाळवायची सोय असते. छोट्या घरांत रोख पैसे लागतात, आणि दर माणशी पाहुणेकर वेगळा. त्याच्या बदल्यात बहुतेक गावांत कोनुस नावाचं पाहुणेपत्र मिळतं, त्यावर या भागातल्या लोकल आणि बस फुकट. सायकलला ते लागू नाही. पण राज्यातल्या लोकल गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 9 सोडून सायकल सहसा फुकट नेता येते, तेव्हा नऊनंतरची गाडी धरा. लांब पल्ल्याच्या आयसीई या वेगवान गाडीत सायकलची जागा आधीच राखावी लागते आणि ऐनवेळी ती मिळत नाही. महिन्याचं जर्मनी-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल आणि बसचा पास, 2026 पासून 63 युरो. दोन आठवड्यांच्या टूरला परवडतं, फक्त ते आपोआप पुढे चालू राहतं, महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा.

ई-बाइक हवी असेल तर तिथेच भाड्याने घ्या. इथली नेता येणार नाही, एवढ्या मोठ्या बॅटरीला प्रवासी विमानात परवानगी नाही. 500 वॅट-अवरच्या बॅटरीत सामानासह हजार-बाराशे मीटर चढ धरावा, तोही सगळा वेळ जास्तीची मदत न घेता.

हंगाम मे ते सप्टेंबर. एप्रिलमध्ये वरच्या भागात बर्फ सापडतो. कोल्हापूरकरांना जून सगळ्यांत सोयीचा. इथे पाऊस सुरू झालेला असतो, गगनबावड्याकडे तर विचारूच नका, आणि तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे रमतगमत गेलं तरी मुक्काम अंधारात शोधावा लागत नाही. पाऊस तिथेही पडतो, पश्चिमेच्या उंच भागात तर भरपूर, पण आपल्यासारखी झड सहसा लागत नाही. आपल्याला फसवतो तो गारठा: पावसात भिजून सातशे मीटरवरून उतरताना बोटं आखडतात आणि ब्रेक दाबला जात नाही, म्हणून पूर्ण बोटांचे पाणीरोधक हातमोजे जूनमध्येही न्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो, फी 90 युरो, 30,000 युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. जूनला जायचं तर जानेवारीतच तारीख घ्या. एप्रिल-मे मध्ये सगळा देश रांगेत असतो.